आवलीची बारी

दोन भजनीबुवांमध्ये डबलबारीचा सामना रंगला की सिंधुदुर्गातला श्रोता एका बुवाची बारी ऐकून उठत नाही. समोरच्याचे उत्तर कानावर पडल्याशिवाय तो निकाल देत नाही. तुकोबांच्या संसाराचा निवाडा मात्र आपण दोन-अडीचशे वर्षे एकाच बारीवर करत आलो आहोत. कीर्तनात तुकोबांची दुसरी बायको जिजाई, म्हणजे आवली, आली की मंडपात हशा ठरलेला. ती कजाग, तोंडाळ, नवऱ्याच्या पाठीत ऊस मोडणारी. तिच्या जाचानेच तुकोबांचे वैराग्य पक्के झाले, असा हा पूर्वपक्ष आहे. तो पुराव्यावर टिकत नाही. आवली तुकोबांच्या परमार्थातली धोंड नव्हती, आणि त्यांच्या शांतीची परीक्षा घ्यायला देवाने नेमलेली बाईही नव्हती. तो परमार्थ ज्या घराच्या आधाराने चालला, ते घर तिने सांभाळले. तिचे कडू बोलणे हा त्या घराचा हिशेब होता.

हिशेब काय होता ते पाहू. आवली पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची मुलगी. दिली गेली ती देहूच्या महाजनकी आणि सावकारी असलेल्या, खात्यापित्या घरात. १६३०च्या सुमारास दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली, तिचा मुलगा संतूही गेला. पुढे तुकोबांनी भाऊ कान्होबाशी कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. ऋणकोंची सुटका करणारे हे कृत्य थोरच होते. पण त्या कागदांबरोबर आवलीच्या मुलांचे भांडवलही बुडाले. एवढे होऊनही तिने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापारासाठी दिले, असे परंपराच सांगते. ते पैसेही तुकोबांनी वाटेत एका कर्जबाजारी माणसाला सोडवण्यात घातले. फेडीची जबाबदारी अर्थातच कर्ज काढणारीवर. उसाची गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांना ही दोनशे रुपयांची गोष्ट सहसा आठवत नाही.

यावर कोणी म्हणेल, तिच्या कठोर बोलण्याची साक्ष खुद्द गाथाच देते. देते, यात शंका नाही. बायकोने दिलेल्या कठीण उत्तरांचे अभंग गाथेत आहेत. पण त्यांत ती म्हणते काय? घरात दाणा नाही, पोरे उपाशी, आणि नवरा टाळकुट्यांचा मेळा घेऊन येतो. त्यांना वाढायचे काय? यात दुष्टावा कुठे आहे? शिवाय तिची तक्रार इतक्या रोखठोकपणे आपल्याच अभंगांत घालणारा नवरा तिला शत्रू मानत होता, हे पटणे कठीण आहे. तुकोबांनी तिला बारी दिली होती, ती काढून घेतली पुढच्यांनी. तुकोबांची कथा सांगणारा महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभरावर वर्षांचा. अथेन्सच्या सॉक्रेटिसची बायको झांटिपी हिचेही असेच झाले. त्याचा शिष्य प्लेटो तिला दाखवतो ती शेवटच्या दिवशी तुरुंगात, लहान मुलाला घेऊन आक्रोश करताना. दुसरा शिष्य झेनोफन याच्या ‘मेजवानी’ या संवादात तिच्या स्वभावावर टोमणा आहे खरा. पण त्याच्याच दुसऱ्या ग्रंथात आईवर चिडलेल्या आपल्या मुलाला सॉक्रेटिस तिचे उपकार समजावून सांगतो. तिने नवऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतल्याची लोकप्रिय कथा ज्या डायोजिनीस लाएर्तिअसच्या ग्रंथातून पसरली, तो सॉक्रेटिसनंतर सुमारे सहाशे वर्षांनी झाला. आणि तराजू पाहा. तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंना नवऱ्याने मारझोड केली, हे त्यांनीच आत्मकथनात लिहून ठेवले आहे. त्या नवऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? मारणारा नवरा विसरला गेला, बोलणारी बायको म्हणीसारखी झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तुकोबांनी तिचे ऐकले असते तर ते दुकानात मिरची-मीठ तोलत राहिले असते, आणि आपण गाथेला मुकलो असतो. पण भांडून झाल्यावर तुकोबांसाठी भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढणारीही तीच. वाटेत तिच्या पायात काटा रुतला तेव्हा तो काढायला विठ्ठल आला, असे भक्त सांगतात. ही कथा मानायची तर तिचा अर्थही मानायला हवा. त्या देवाला ती दूरची वाटली नव्हती. आमच्या बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये कुळकर्णीपण टाकून उतारवयात उत्तरेकडे निघून गेले. तुकोबा गेले नाहीत. भंडाऱ्यावरून ते घरी परतत राहिले, संसार मोडला नाही, आणि याचे श्रेय दोघांचे आहे. घोव मुंबईच्या गिरणीत किंवा समुद्रावर, आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे, वाण्याची उधारी बायकोच्या अंगावर, अशी घरे मालवण-वेंगुर्ल्यात पिढ्यान्पिढ्या चालली. तिथल्या बाईचा आवाज का चढतो हे निदान आपल्याला तरी कोणी शिकवायला नको.

आजच्या विचारांचे माप जुन्या काळाला लावू नये, असेही कोणी बजावेल. पण मी लावलेले माप गाथेचे आणि परंपरेचेच आहे. १६५०मध्ये तुकोबा गेले तेव्हा आवली गरोदर होती. नंतर जन्मलेल्या नारायणाला तिने बापाविना वाढवले. तुकोबांच्या पादुका पालखीत घालून देहूहून पंढरीला नेण्याची प्रथा १६८५मध्ये सुरू केली ती या नारायणबाबांनी.