बंदरातली खोटी कापसाच्या भावातून



कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांना कोकणातल्या रेल्वेशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आहे, आणि ते थेट भावाशी आहे.

रुईची गाठ 170 किलोंची. तिला सुमारे 5 क्विंटल कापूस लागतो. निर्यातीची गाठ घेणारा व्यापारी न्हावा शेवा बंदरातला भाव धरतो आणि मागे मोजत येतो. बंदराचा खर्च वजा, ट्रकभाडे वजा, जिनिंग वजा. उरेल तो आपला भाव. बंदराच्या दारात ट्रक दोन दिवस रांगेत राहिला, तर ती खोटी शेवटी आपल्याच मापातून जाते.

ट्रकची रस्त्यावरची खोटी कशी टाळावी, हे कोकण रेल्वेने 1999 साली दाखवले. कोलाडला भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे आणि रत्नागिरीवरून नेऊन गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे. ड्रायव्हर गाडीबरोबरच. कशेडी आणि परशुरामचे घाट टळले, डिझेल-टायर वाचले. याला रो-रो म्हणतात.

आणि त्याच रत्नागिरी जिल्ह्यात 2009 साली जयगडचे खोल पाण्याचे बंदर सुरू झाले, तेही रेल्वेविना! बोट मोठी, पण माल निवळीच्या रस्त्याने ट्रकवर. डिंगणीहून रेल्वे नेण्याची योजना मागाहून आखली. आधी बंदर, मग वाट, ही उलटी रीत झाली.

रो-रोत मालाबरोबर ट्रकचे वजनही वाहावे लागते. कापसाला त्याहून सोयीचे ड्राय पोर्ट. कंटेनर तिथे भरायचा, कस्टमची तपासणी आणि सील तिथेच, मग रेल्वेने थेट बंदर. जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी 2015 साली झाली, ती याचसाठी.

रेल्वेने रांग तुटेल. सरकारी हुकमाचे काय? मार्च 2012 मध्ये केंद्राने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली. तेव्हा दारात कितीही वेगवान गाडी असती, तरी गाठ हलली नसती.

आम्हाला सबसिडी नको. रेल्वेभाडे आणि बंदराचे दर बाजार समितीच्या फळ्यावर लावा. शेतकऱ्यांच्या कंपन्यांना ड्राय पोर्टवर स्वतःच्या गाठी भरू द्या. भर हंगामात निर्यातबंदी नको. वाहतुकीत वाचलेला रुपया भावात दिसला पाहिजे, नाहीतर तो मधल्यामधे जिरेल.

बैठकीला येताना आपल्या जिनिंगचा भाव आणि बंदरापर्यंतचे ट्रकभाडे लिहून आणा. हिशेब तिथेच मांडू.