धोक्याची घंटा मुकी ठेवू नका

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात लोणच्यापापडांच्या शंकांबरोबर एक वेगळे पत्र आले आहे. तालुक्याच्या गावातल्या एक भगिनी लिहितात, "माझी दोन्ही मुलं ज्या शाळेत जातात तिथे आगीची सूचना देणारी घंटा आहे. इमारत बांधली तेव्हाची, म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वीची. अधूनमधून उगाचच वाजते, म्हणून शिपायाने तिचा आवाजच बंद करून ठेवलाय. पालक-शिक्षक संघात विषय काढला तर 'नवीन बसवायला पैसे कुठून आणायचे?' असं उत्तर मिळालं. घरी यजमान म्हणतात, शाळेच्या कारभारात तू पडू नकोस. मी काय करावं?"

ताई, तुम्ही जरूर पडा. फक्त पडण्याआधी थोडी माहिती करून घ्या, म्हणजे कोणी तुम्हाला उडवून लावणार नाही.

कुकर नीट शिट्टी देईनासा झाला तर आपण काय करतो? शिट्टी धुतो, रबर बघतो, पाणी किती घातले ते आठवतो. शिट्टी काढून ठेवून स्वयंपाक करत नाही. शाळेच्या घंटेचेही तसेच आहे. छताला जी पांढरी गोल डबी असते, तिला स्मोक डिटेक्टर म्हणतात. बहुतेक डब्यांच्या आत एक बारीक दिवा आणि उजेड ओळखणारा एक 'डोळा' असतो. धूर आत शिरला की उजेड विखुरतो, तो त्या डोळ्याला दिसतो आणि घंटा वाजते. पण बिचाऱ्या डबीला धूर कोणता आणि खडूची धूळ कोणती हे कळत नाही. कोळी, झुरळाचे पिल्लू, पावसाळ्यातली ओल यांनीही ती फसते. वर्षानुवर्षे साफ न केलेली डबी उगाच वाजणारच! जिथे खिचडी शिजते तिथे तर धूर ओळखणारी डबी लावूच नये. उष्णता ओळखणारी वेगळी डबी मिळते, ती लावावी. एवढ्यानेही पुष्कळदा निम्मा त्रास कमी होतो.

आता घंटा मुकी ठेवली तर काय होते ते ऐका. अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' नावाची शाळा होती. १ डिसेंबर १९५८ रोजी शाळा सुटायला थोडाच वेळ असताना जिन्याखाली तळघरात कचऱ्याच्या पिंपाला आग लागली. लाकडी जिन्यावरून धूर वर चढला आणि वरच्या मजल्याचा व्हरांडा भरून गेला. साऱ्या शाळेत घंटेचे खटके दोनच, आणि तेही आगीपासून दूर, दक्षिणेकडच्या भागात. एका शिक्षिकेने खटका दाबला, पण घंटा वाजली नाही. मुलांना बाहेर पोचवून ती परत आली, पुन्हा दाबला, तेव्हा वाजली. ती घंटाही शाळेपुरतीच होती, अग्निशमन दलाला तिची काही खबर जात नव्हती. त्या दुपारी ९२ मुले आणि ३ शिक्षिका जोगिणी गेल्या. विशेष म्हणजे, थोड्याच आठवड्यांपूर्वी त्या शाळेची तपासणी झाली होती आणि ती 'ठीक' ठरली होती. इमारत जुनी, म्हणून नवे नियम तिला लागू नव्हते.

म्हणून 'जुनं आहे, चालायचंच' हे उत्तर आपण ऐकून घेऊ नये.

'पैसे नाहीत' याचेही उत्तर आहे. सगळी यंत्रणा एकदम बदलावी लागतेच असे नाही. मुख्य पेटीत, म्हणजे पॅनेलमध्ये, वीज गेल्यावर चालण्यासाठी बॅटरी असते. ती साधारण ३ ते ५ वर्षांत दम सोडते. पहिली चौकशी तिची करा. धुराच्या डब्या साधारण १० वर्षांनी बदलाव्यात असे सांगितले जाते. वायरिंग चांगले असेल तर ते राहू शकते. पॅनेलचे सुटे भागच मिळत नसतील तर मात्र नवे घेण्याला पर्याय नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे जाणकाराकडून लेखी घ्यावे, मग खर्च दोन-तीन वर्षांत वाटून करता येतो.

पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा पॅनेलसमोर मिनिटभर उभ्या राहा. पिवळा दिवा लागलेला असेल तर सहसा समजावे, काहीतरी बिघडले आहे किंवा बंद करून ठेवले आहे. भिंतीवरच्या लाल पेट्यांपुढे कपाट किंवा बाके आली आहेत का ते पाहा. आणि विचारा, भोंगा शेवटच्या वर्गापर्यंत, संडासापर्यंत ऐकू जातो का?

महाराष्ट्रात यासाठी २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली आगीची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. "बाई, जुलैचं प्रमाणपत्र आलं का हो?" एवढा साधा प्रश्न नम्रपणे विचारा. एकट्या जाऊ नका, चौघीजणी जा, आणि अर्जाची पोच घ्या.

यंत्रणा दुरुस्त होईपर्यंत काय? शाळेची पितळी घंटा आहेच. तिला वीज लागत नाही. तास बदलल्याचे टोल वेगळे आणि धोक्याचा न थांबता घणघणाट वेगळा, हे मुलांना शिकवायला सांगा. दर सत्रात एकदा तरी साऱ्या शाळेला मैदानावर उतरवून बघावे. शाळा भरलेली असताना कुठल्याही जिन्याच्या दाराला कुलूप नसावे. १०१ हा नंबर कार्यालयात मोठ्या अक्षरात लावावा.

आणि यजमानांना सांगा, तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुले आगीत गेली. शाळेतल्या आगींच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट म्हटले, की मुलांच्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. तेव्हा हा कारभार परका नाही. सकाळी डबा भरून मुलांना ज्या घरी आपण पाठवतो, ते त्यांचे दुसरे घरच आहे. तिथली घंटा वाजती आहे का, हे आईने विचारायचे नाही तर कोणी?