कंदिलाची गोष्ट सांगता, मग बाकांचीही सांगा

बोस्टनचं ओल्ड नॉर्थ चर्च बघून आलेल्या प्रत्येक मराठी मित्राला मी एक प्रश्न विचारतो: तिथल्या बाकांना दारं का आहेत? बहुतेकांना सांगता येत नाही. कंदिलांची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ असते. १८ एप्रिल १७७५ची रात्र, मनोऱ्यात टांगलेले दोन कंदील, इंग्रज फौज पाण्यावरून येत असल्याची खूण आणि दुसऱ्या दिवशी पेटलेलं स्वातंत्र्ययुद्ध. गोष्ट खरी आहे. पण तेवढीच सांगणं ही लबाडी आहे, आणि त्याबद्दलच मला भांडायचं आहे.

१७२३ साली उभी राहिलेली ही शहरातली सर्वांत जुनी चर्चची इमारत. तेव्हा ती इंग्लंडच्या चर्चची होती. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या अँग्लिकन मंडळींनी आपलं वेगळं एपिस्कोपल चर्च स्थापन केलं आणि हे त्यातलं एक पॅरिश झालं. आजही तिथे दर रविवारी उपासना होते. म्हणजे हे नुसतं संग्रहालय नाही, चालतं देवघर आहे. म्हणूनच त्याच्याकडून जास्त मागायचा हक्क आहे.

आता बाक. छातीपर्यंत उंच लाकडी भिंतींचे चौकोनी कप्पे, प्रत्येकाला दार. थंडीत ऊब टिकावी ही एक सोय. दुसरी सोय मालकीची. कप्पा कुटुंबाने विकत घ्यायचा आणि वर चर्चला नियमित पैसे भरत राहायचं. ज्यांना हे परवडत नव्हतं ते वरच्या गॅलरीत. कृष्णवर्णीय माणसंही, गुलाम असोत की स्वतंत्र, वर गॅलरीतच. प्रार्थना एक, देव एक, पण बसायची जागा खिशावर आणि कातडीच्या रंगावर ठरलेली.

गॅलरीत ऑर्गनपुढे चार कोरीव देवदूत उभे आहेत. सुंदर आहेत. थॉमस ग्रूची नावाच्या कप्तानाने ते १७४६ साली चर्चला दिले. त्याने ते विकत घेतले नव्हते, फ्रेंच जहाजावरून लुटून आणले होते. इंग्लंड-फ्रान्स युद्धात अशी लूट सरकारी परवान्याने चाले. खाली एक बाक होंडुरासच्या आखातातल्या व्यापाऱ्यांसाठी राखलेला. त्यांनी चर्चला रंग काढायचं मौल्यवान लाकूड दान दिलं आणि त्यातून मनोऱ्याला हातभार लागला. ते लाकूड तोडणारे हात गुलामांचे होते. वादळांनी मनोरा दोनदा पाडला, पुन्हा बांधला गेला. पण १७७५ साली स्वातंत्र्याचा कंदील ज्या मनोऱ्यात लागला, त्याच्या पैशात गुलामांचा घाम होता. हे वाक्य कंदिलाच्या गोष्टीतच यायला हवं, तळटीपेत नाही.

चर्चच्या आवारात पूर्वी एक चॉकलेटचं दुकान होतं. नाव न्यूअर्क जॅक्सन या अठराव्या शतकातल्या कप्तानाचं. हा इथलाच सभासद. मग संशोधनातून कळलं की तो कोकोबरोबर माणसांचाही चोरटा व्यापार करायचा. त्याच्या शेवटच्या सफरीत जहाजावर विकायला नेलेली माणसं होती, त्यांत बरीचशी मुलं. दुकानाचं नाव गेलं. चर्चचा इतिहास सांगणारी मंडळी आता हे सगळं उघड मांडतात. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: तेव्हाची रीतच तशी होती. होती ना. पण जी वास्तू ‘तेव्हा’च्या जिवावर आज अभिमान मिरवते, तिला ‘तेव्हा’ची लाज झटकता येत नाही. आमच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याने लिहिलेला कोड रात्री दोनला कोसळला, तर ‘मी लिहिला नव्हता’ हे उत्तर चालत नाही. सिस्टम तुमच्या ताब्यात आहे ना, मग दुरुस्ती तुमची.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर वाटतो: देवळात हिशोब नको, तिथे शांतता हवी. असं म्हणणाऱ्यांनी एपिस्कोपल उपासना नीट ऐकलेली नाही. प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी एकत्र पापाची कबुली देतात. ती ‘मी’ची नसते, ‘आम्ही’ची असते. आणि तीत केलेल्या चुकांबरोबर करायच्या राहून गेलेल्या गोष्टीही येतात. हिशोब बाहेरून कुणी आत ढकलत नाही, तो उपासनेच्या पोटातच आहे. मी ख्रिस्ती नाही. पण दर आठवड्याला माणसांना सामुदायिक चूक तोंडाने म्हणायला लावणारी ही पद्धत मला मोलाची वाटते. त्या ‘आम्ही’त गॅलरीतली माणसं आणि बाकांचे मालक दोघंही धरले नाहीत, तर ती कबुली पोकळ होते. म्हणून माझी मागणी अशी की हा हिशोब पर्यटकांच्या माहितीफलकावर थांबू नये. असा इतिहास असलेल्या प्रत्येक जुन्या पॅरिशमध्ये तो रविवारच्या प्रवचनात आणि प्रार्थनेत यावा.

आपला काय संबंध, असं वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठवा. १८८७ साली याच बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. वेगवेगळ्या पंथांची माणसं तीत होती. एक उपाध्यक्ष होते फिलिप्स ब्रुक्स, शहरातल्या ट्रिनिटी या बड्या एपिस्कोपल चर्चचे प्रमुख पाद्री. असोसिएशनच्या पैशावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे पुण्यात विद्यार्थिनींच्या धर्मांतरावरून वादळ उठलं, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कोण बरोबर, यावर आपण अजून भांडतो. पण धर्माच्या पैशाला ‘कुठून आलास, कशासाठी आलास’ हे विचारायची सवय आपल्याला तेव्हापासून आहे. विधवांच्या शाळेला विचारलेला प्रश्न गुलामांच्या पैशावर उभ्या मनोऱ्याला विचारताना मग संकोच कसला?

१७३०च्या सुमारास या चर्चच्या भिंतींवर जॉन गिब्जने देवदूत रंगवले होते. १९१२ साली त्यांच्यावर पांढरा रंग फासला गेला. लोकांना जुनं म्हणजे साधं, पांढरं, सोज्वळ हवं होतं. अलीकडे कारागिरांनी तो थर खरवडून त्यांतले काही देवदूत पुन्हा उजेडात आणले. त्याने चर्चचं पावित्र्य काडीचंही कमी झालं नाही. गॅलरीतल्या माणसांवरचा थर खरवडल्यानेही होणार नाही.

तुम्ही बोस्टनला गेलात तर कंदिलाची गोष्ट जरूर ऐका. मग मान वर करून गॅलरी बघा आणि गाइडला विचारा, तिथे कोण बसायचं?