फोन ताईला द्या, बाळ तुम्ही घ्या

देवगाव रंगारी असो की संभाजीनगरचं सिडको, ताई बाळंतपणाला माहेरी आली की सगळं घर कामाला लागतं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालिश. आणि आपण? बाळाचा फोटो स्टेटसला टाकून मोकळे. ताई कशी आहे, हे विचारलंत?

पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचंच. दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. त्यानंतरही बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, कशातच मन नाही, ‘मी चांगली आई नाही’ हेच डोक्यात, तर ते नैराश्य असू शकतं. गरोदरपणातही होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत शंभरातल्या जवळपास वीस बाळंतिणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्यच. आपल्याकडे त्याला नाव काय? ‘नाटकं’. नाहीतर ‘बाहेरचं लागलं’.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन सुरू आहे. नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. पण सव्वा महिना खोलीतून न हलणारी ताई बोलणार कुठून? शेजारी आजी, मांडीवर बाळ, भिंतीपलीकडे पाहुणे. फोन तर बऱ्याचदा तिचा नसतोच.

इथे तुमचं काम आहे. फोन अनलॉक करून तिला द्या. बाळाला घेऊन ओसरीवर बसा, आजीलाही तिकडेच बोलवा. नंतर कॉल हिस्टरी चाळू नका. मात्र ती जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर तिला एकटं सोडू नका. आईबाबांना सांगून लगेच दवाखाना गाठा.

आणि हो, चार्जिंग बघून द्या.