फॉरमॅट मारण्याआधी

संगणक आपोआप झोपत नाही, स्क्रीनसेव्हरसुद्धा लागत नाही, अशी तक्रार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा. बहुतेक ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते, "काका, फॉरमॅट मारूया." पायात काटा रुतला म्हणून पायच कापायला निघण्याचा हा प्रकार आहे. आज त्यावर जरा कडक बोलणार आहे. जन्मभर शिकवण्यात गेला, त्यामुळे कारण न शोधता दिलेले उत्तर मला पटत नाही.

मुळात गोष्ट साधी आहे. संगणकाच्या आत एक घड्याळ चालू असते. कळ दाबली किंवा माऊस हलला की ते शून्यावर येते. ठरलेली मिनिटे कुणी हात लावला नाही, तर आधी पडदा आणि मग यंत्र झोपी जाते. म्हणजे यंत्र झोपत नसेल, तर कुणीतरी त्याला सारखे हलवत असते. हा 'कुणीतरी' पुष्कळदा बाहेरून जोडलेले एखादे उपकरण असते.

चकचकीत पृष्ठभागावर ठेवलेला प्रकाशाचा माऊस जागच्या जागी थरथरतो. नातवाची जॉयस्टिक मधोमध स्थिर राहत नाही, त्यामुळे कुणीतरी ती दाबून धरली आहे असे यंत्राला वाटते. छपाईच्या रांगेत अडकलेला कागद, आवाजाचे उघडे राहिलेले उपकरण, हेही झोपू देत नाहीत. आणि नेटवर्क कार्डाला 'जागे कर' ही मुभा दिलेली असेल, तर झोपलेले यंत्र मध्यरात्री उठून बसते.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचा संगणक असाच झोपत नव्हता. फॉरमॅट झाले. तीन वर्षांची उधारीची वही त्यात होती, ती गेली. मराठी फॉन्ट गेले, प्रिंटर पुन्हा बसवावा लागला. आणि संगणक? तो जागाच! कारण माऊस होता टेबलावरच्या काचेवर आणि काचेखाली देवाची तसबीर, रेल्वेचे वेळापत्रक, नातवंडांचे फोटो. माऊसखाली जाड पुठ्ठा ठेवला आणि दहा मिनिटांत यंत्र झोपले. पुठ्ठ्याला पैसे पडले नाहीत. पण उधारी कुठून परत आणायची?

शोधायची रीत आम्हा जयसिंगपूरकरांना तरी समजावून सांगायला नको. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या या गावात गल्ल्यांना क्रमांक आहेत. पत्ता शोधायचा तर एकेक गल्ली घ्यायची, गाव पाडायचे नसते. तसेच इथे. सगळी उपकरणे काढा आणि संगणक झोपतो का पाहा. झोपला तर एकेक परत लावा. ज्याच्यानंतर झोप उडाली तो आरोपी. त्याची जागा बदला, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची यंत्राला उठवण्याची मुभा काढून घ्या. न झोपला, तर दोष आतल्या एखाद्या प्रोग्रॅमचा. मग तिकडे वळा.

पण खरा राग मला दुरुस्तीवाल्यावर नाही, यंत्रणा बनवणाऱ्यांवर आहे. झोप कोण अडवतो आहे याची यादी विंडोज स्वतःजवळ ठेवते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ती पाहताही येते. कशी? काळी खिडकी अधिकाऱ्याच्या हक्काने उघडायची आणि तीत इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून 'रिक्वेस्ट्स' असे टंकायचे. आमच्या दुकानदाराने हे करायचे? ॲपलच्या मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'झोप अडवणारे' असा सरळ रकानाच आहे. म्हणजे दाखवता येते, दाखवायचे नसते एवढेच. शिवाय थरथरणारा माऊस विंडोजच्या त्या यादीत येतही नाही, कारण यंत्राच्या लेखी तो तुमचाच हात! 'दोन तास झाले, माऊस थांबलेला नाही, तुम्हीच हलवता आहात का?' एवढे विचारायला काय हरकत होती?

कुणी म्हणेल, "सर, सरळ बंद करावा ना!" करावाच. पण माणूस विसरतो, आणि झोपेची सोय विसरणाऱ्यासाठीच आहे. हिशेब करून पाहा. एक संगणक ८० वॅट घेतो असे धरा. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ हे १४ तास तो जागा राहिला, तर एका रात्रीत १.१२ युनिट वीज गेली. शाळेच्या खोलीत असे दहा असतील, तर रोज अकरा युनिट. झोपलेले यंत्र थोडेच वॅट घेते. भारनियमनात कंदिलाशेजारी पेपर तपासलेल्या पिढीला तरी हे खुपले पाहिजे. आणि स्क्रीनसेव्हर लागला म्हणून समाधान मानू नका. तो जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर डाग पडू नयेत म्हणून होता, वीज वाचवण्यासाठी नव्हे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणी "फॉरमॅट मारूया" म्हणाले, तर एकच विचारा, "कारण काय सापडले?" उत्तर नसेल तर यंत्र उचला आणि घरी या. आणि टेबलावर काच असेल, तर आधी तिच्यावर पुठ्ठा टाकून बघा.