आठवडाभर उशिरा पिटलेली दवंडी

विमानांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या बंगळुरात उड्डाणाच्या इतिहासाचा विषय निघाला, की कोणीतरी गोनेसच्या गावकऱ्यांचा किस्सा काढतोच. २७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्ल या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या शाँ-द-मार्स मैदानावरून हायड्रोजनचा पहिला मोठा फुगा सोडला. पाऊणएक तासाने तो गोनेस गावाजवळ पडला. आकाशातून राक्षस आला असे समजून गावकरी दाताळी-कोयते घेऊन धावले. त्यांनी फुगा भोसकला, फाडला आणि उरलेले धूड घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेले. किस्सा संपतो, श्रोते हसतात आणि खेडवळ अडाणीपणा विज्ञानाचा वैरी असतो, असा निष्कर्ष न सांगताच गळी उतरतो. हा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

किस्सा बनावट आहे, असे माझे म्हणणे नाही. गावकरी घाबरले आणि फुगा फाटला. पण त्यांच्यासमोर नेमके काय पडले होते, ते पाहा. रबराचा लेप दिलेल्या रेशमाचा, जवळजवळ चार मीटर व्यासाचा गोळा. आतला वायू लोखंडावर गंधकाम्ल ओतून तयार केलेला, त्यामुळे घाण वास मारणारा. वरच्या विरळ हवेत फुगून फाटलेला हा गोळा फुसफुसत होता आणि वाऱ्याबरोबर उसळत होता. आत माणूस नाही, सोबत चिठ्ठी नाही. पॅरिसकरांसाठी तिकिटे होती आणि फुगा सुटताना तोफेचा बार होता. गोनेसमध्ये साधी दवंडीही पिटली गेली नव्हती. शेतात गुरे असताना असले काही अंगावर आले तर दाताळे उचलणारा मनुष्य मूर्ख ठरत नाही. फुगा कुठेतरी उतरणार हे मात्र सोडणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. कुठे, याची त्यांनी फिकीर केली नाही.

हे सरकारच्याही ध्यानात आले. ३ सप्टेंबरला फ्रेंच सरकारने जाहीरनामा काढला: आकाशात काळवंडलेल्या चंद्रासारखा गोळा दिसला तर भिऊ नका, ते कापडाचे यंत्र आहे, त्यापासून इजा होत नाही, पुढेमागे ते समाजाच्या उपयोगीच पडेल. मजकूर चांगला होता, पण फुगा फाटून आठवडा झाल्यावर आला. हा जाहीरनामा म्हणजे चूक कोणाची होती याची सरकारी कबुलीच.

आता अज्ञानाच्या आरोपाकडे वळू. त्याच वर्षी उष्ण हवेचे फुगे उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंची समजूत होती, की फुग्याला उचलते ती धुरातली काही खास शक्ती. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळत. व्हर्साय येथे १९ सप्टेंबरला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवताना त्यांनी जुनी पायताणे आणि सडके मांसही आगीत टाकले. गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी असते, एवढीच खरी गोष्ट. शोध लावणाऱ्यालाच आपला शोध कळला नव्हता, मग तो गोनेसच्या शेतकऱ्याला कसा कळावा?

आणि शहरवासीयांचा संयम? ११ जुलै १७८४ला पॅरिसच्या लक्झेंबुर्ग बागेत मिओलाँ आणि जानिने यांचा फुगा वर जाईना, तेव्हा जमावाने तो जाळून टाकला. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये मोरे नावाच्या गृहस्थाच्या न उडालेल्या फुग्याच्या प्रेक्षकांनी चिंध्या केल्या. पुढे ऐंशी वर्षांनी, १८६४ साली, लेस्टर शहरात हेन्री कॉक्सवेलचा फुगा जमावाने नष्ट केला. फुगा म्हणजे काय हे या सगळ्यांना माहीत होते. गोनेसला निदान भीती तरी होती, इथे नुसता संताप होता. तरीही शहरी अडाणीपणाचा दाखला म्हणून हे प्रसंग कोणी सांगत नाही.

फुग्याची भीती निराधारही नव्हती. मे १७८५मध्ये आयर्लंडच्या टलमोर गावात एका फुग्यामुळे आग लागून शंभराच्या आसपास घरे जळाली. आगीच्या धास्तीने पॅरिसच्या पोलिसांनी तर त्याआधीच, एप्रिल १७८४मध्ये, परवानगीशिवाय असे फुगे उडवायला बंदी केली होती. भीती शेतकऱ्याला वाटली तर अंधश्रद्धा आणि पोलिसांना वाटली तर दूरदृष्टी, हा कुठला न्याय?

भोळेपणाचा मक्ता खेड्याकडे नाही, याचा पुरावा तर बंगळुरातच आहे. प्राचीन विमानविद्येचा ग्रंथ म्हणून गाजणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’तील आकृत्या या शहरात १९२३च्या सुमारास काढल्या गेल्या. १९७४ साली इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो तपासला. ग्रंथ १९०४पूर्वीचा नाही आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही जानेवारी २०१५मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालेच. श्रोत्यांच्या हातात दाताळी नव्हती. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट तर आपण मराठी माणसे भक्कम पुरावा न मागता छाती फुगवून सांगतो.

उलट, ज्याच्याशी कोणी बोलले त्या गावाचे वागणे बघा. गोनेसच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनी, १ डिसेंबर १७८३ला, शार्ल स्वतः आपले सहकारी रॉबेर यांच्यासह फुग्यात बसून पॅरिसहून निघाले आणि नेल गावच्या शेतात उतरले. शेतकरी धावत आले, पण मारायला नाही. रॉबेर खाली उतरल्यावर हलका झालेला फुगा त्यांनी धरून ठेवला आणि शार्लनी खूण करताच एकदम सोडला. शार्ल एकटेच पुन्हा आकाशात गेले. शेतकरी तसलेच होते. या वेळी फुग्यातून माणसाचा आवाज येत होता, हा मोठा फरक.

१७८४च्या सप्टेंबरात लंडनहून फुग्यातून निघालेला हवाई प्रवासी लुनार्डी हर्टफर्डशायरमध्ये उतरू लागला, तेव्हा शेतमजुरांनी हात लावायचे नाकारले. एलिझाबेथ ब्रेट या तरुणीने मात्र दोर पकडला आणि मग बाकीचेही आले. गाव एका मताचे नसते, हे चावडीवर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. १७९३च्या जानेवारीत ब्लाँशार हा दुसरा हवाई प्रवासी फुग्यातून फिलाडेल्फियाहून न्यू जर्सीत उतरला. त्याला इंग्रजी येत नव्हते. पण खिशात अध्यक्ष वॉशिंग्टन यांचे पत्र होते. घाबरलेल्या शेतकऱ्याला त्याने आधी दारूची बाटली दाखवली, मग ते पत्र पुढे आले आणि काम झाले.

माझे मंडन एवढेच आहे, की वस्तू आकाशात सोडणाऱ्यानेच ती जमिनीवरच्यांना समजावून सांगितली पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे केंद्र तीस-चाळीस किलोमीटर उंची गाठणारे प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे सोडते आणि उपकरणे हवाई छत्रीने खाली येतात. तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या सोलापूरसारख्या जिल्ह्यांतील लोकांसाठी ती निवेदनेही काढते: वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. ही १७८३च्या जाहीरनाम्याची सुधारलेली आवृत्ती, कारण ती आधी निघते. तरी डिसेंबर २०२२मध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या मोगिलीगिड्डा गावात या केंद्रातून फुग्याने सोडलेली स्पॅनिश कंपनीची कुपी उतरली, तेव्हा परग्रहावरच्या यानाची अफवा उठलीच. गावकऱ्यांनी मात्र ती फोडली नाही. ते बघायला जमले आणि चर्चा करत राहिले.

बंगळुरातील भारतीय खगोलभौतिकी संस्थाही होसकोटेहून छोटे फुगे सोडते. या आणि अशा साऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. वाऱ्याच्या पट्ट्यात येणाऱ्या ग्रामपंचायतींना उड्डाणाआधी फोन करा. उपकरणाच्या डब्यावर कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मराठीत ठळक अक्षरांत लिहा, की हे काय आहे, कोणाचे आहे आणि कोणत्या क्रमांकावर कळवायचे. इंग्रजी मजकूर त्याखाली चालेल.