मंडळाच्या मांडवात दलाली नको



आपल्या वार्तापत्राच्या मागच्या पानावर परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीची रंगीत जाहिरात येऊ लागली, तेव्हा काही सभासदांनी नापसंती कळवली होती. ती फायलीत गेली. आता मंडळाचे सभागृह अशाच कन्सल्टन्सीला रविवारी सकाळी 'मोफत मार्गदर्शन मेळाव्या'साठी नाममात्र भाड्याने मिळते, गणेशोत्सवात त्यांचा बॅनर श्रींच्या उजव्या हाताला लागतो आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचे पाकीट त्यांच्याच माणसाच्या हस्ते दिले जाते. सत्काराला आलेल्या मुलांची नावे, गुण आणि पालकांचे फोन नंबर दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे कसे पोचतात, याचा खुलासा कार्यकारिणीने करावा. येत्या सर्वसाधारण सभेत मी याविरुद्ध ठराव मांडणार आहे. कारणे आधीच लेखी देतो, म्हणजे वेळ संपली असे सांगून विषय गुंडाळला जाणार नाही.

'मोफत' या शब्दापासून सुरुवात करू. मी कॉमर्सचा पदवीधर. ज्या दुकानात आपल्याकडून पैसे घेत नाहीत तिथे खरे गिऱ्हाईक दुसरे कोणी असते आणि आपण माल असतो, हे समजायला बी.कॉम. व्हायची सुद्धा गरज नाही. कन्सल्टन्सीला पैसे परदेशातले विद्यापीठ देते. मुलगा दाखल झाला, पहिली फी भरली की त्या फीचा ठरलेला हिस्सा, साधारणपणे दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास, कन्सल्टन्सीच्या खात्यात जमा होतो. आता विचार करा. ज्या विद्यापीठाच्या दारात जगभरची रांग लागली आहे ते कशाला दलाली देईल? दलालीची गरज जास्त त्यांनाच असते ज्यांच्या बाकांवर मुले नाहीत. मग अमीरपेटच्या मैत्रीवनममध्ये किंवा हिमायतनगरच्या वातानुकूलित ऑफिसात तुमच्या मुलीचे मार्क बघून 'हिला हे युनिव्हर्सिटी एकदम सूट होईल' असे जे सांगितले जाते, ते मुलीकडे बघून सांगतात की दराच्या तक्त्याकडे?

अमेरिकेचे या बाबतीतले वागणे तर वाचण्यासारखे आहे. तिथे १९९२ साली उच्च शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या संस्थांनी मुले भरती करणाऱ्याला डोक्यामागे कमिशन देऊ नये, असे तीत ठरले. कारण उघड होते, कमिशनवर काम करणारा माणूस मुलाचे हित बघत नाही. पण त्याच कायद्यात एक सूट आहे. परदेशात राहणाऱ्या आणि त्या सरकारी साहाय्याला पात्र नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला ही बंदी लागू नाही. म्हणजे ओहायोच्या मुलाला ज्या रोगापासून वाचवायचे, तोच रोग काचीगुड्याच्या मुलाला झाला तर त्यांची हरकत नाही. हा त्यांचा कायदा, त्यांच्या हिताचा. आपण आपले हित बघायला नको काय?

आपल्याकडचे कायदेही पाहा. करीमनगर-निजामाबादकडचा मजूर दुबईला किंवा मस्कतला जातो, तेव्हा त्याला पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, अनामत ठेवावी लागते, मजुराकडून किती पैसे घ्यायचे याला मर्यादा आहे. त्या कायद्यालाही बगल देणारे आहेतच, पण निदान तक्रार घेऊन जायला दार तरी आहे. चाळीस लाख रुपये कर्ज काढून जाणाऱ्या विद्यार्थ्याला पाठवणारा मात्र या कायद्यात बसत नाही, कारण मुलगा नोकरीला जात नाही, शिकायला जातो. पंजाबने २०१२ साली स्वतःचा कायदा करून ट्रॅव्हल एजंट आणि परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांना परवान्याखाली आणले. तरीही जालंधरच्या एका एजंटाने कॅनडातल्या कॉलेजांची खोटी प्रवेशपत्रे देऊन मुले पाठवली. ती गोष्ट २०२३ साली उघडी पडली तेव्हा ती मुले तिथे शिकून, नोकरीला लागून, कायम वास्तव्याचा अर्ज करत होती. परवाना असूनही ही स्थिती, मग नुसत्या पाटीवर विश्वास ठेवणाऱ्यांचे काय सांगावे?

हैदराबादला तर हे पुन्हा पुन्हा भोगावे लागले आहे, आणि आपण पुन्हा पुन्हा विसरतो. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन गावच्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर धाड पडली. दीड हजाराच्या वर विद्यार्थी, बहुतेक सगळे भारतीय, त्यातही आंध्र प्रदेशातले फार. निम्म्याहून अधिक मुलांचा पत्ता सनीव्हेलमधले एकच अपार्टमेंट! जुन्या मुलाने नवा मुलगा आणला की फीतला हिस्सा त्याला मिळे. आपल्याकडे चेन मार्केटिंगवाले साबण खपवतात तसे. आपल्या मुलांच्या पायात रेडिओ कॉलर अडकवल्या, त्यावरून दिल्लीत निषेध झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. संस्थेची चालक सुसान सू हिला २०१४ साली सोळा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला. इथे ज्यांनी मुले गोळा करून दिली त्यांच्यापैकी कितीजणांच्या दुकानांना कुलूप लागले, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

डिसेंबर २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या मुलांना शमशाबादच्या विमानतळावर एअर इंडियाने विमानातच चढू दिले नाही, कारण आधी गेलेल्यांना तिकडून परत पाठवले होते. व्हिसा खरा, तिकीट खरे, निरोप द्यायला आलेली माणसे खरी. पुढे एप्रिल २०१६ मध्ये न्यू जर्सीत आणि जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमध्ये अमेरिकी सरकारनेच बनावट विद्यापीठ उघडून सापळा लावल्याचे बाहेर आले. मिशिगनचे ते युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन. तिथे वर्ग नाही, प्राध्यापक नाही, तरी सहाशेच्या वर मुलांनी नावे घातली. पहिल्या फेरीत पकडलेल्या १३० पैकी १२९ भारतीय होते. भरती करून देणाऱ्या आठ जणांवर खटले झाले, आठांनीही गुन्हा कबूल केला. या आठांची नावे पाहिली की मान खाली जाते; आपल्याच भागातून गेलेली तरुण पोरे, आपल्याच भावंडांना पोचवून रोख पैसे घेत होती. सरकारने सापळा लावून विद्यार्थ्यांची फी खावी हे मला नीच वाटते, तेही इथे लिहून ठेवतो. पण सापळ्यात नेऊन सोडणारा हात घरचा होता.

कोणी म्हणेल, हे सगळे बनावट संस्थांचे झाले, आपली मराठी घरची मुले अशा भानगडीत नसतात. ठीक आहे. बनावट सोडा. खऱ्या पण सामान्य कॉलेजात गेलेल्या मुलाचा हिशेब करू, कारण आपल्या घरांचे नुकसान तिथेच जास्त होते आणि त्याची बातमी येत नाही.

शैक्षणिक कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात, म्हणून हा हिशेब मला पाठ आहे. बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागते. आपल्या लोकांकडे तारण म्हणजे काय? सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुऱ्यातले वडिलोपार्जित घर, नाहीतर निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या बापाने घेतलेला फ्लॅट. समजा कर्ज ४० लाख, व्याज ११ टक्के. दोन वर्षांचा कोर्स आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच असते. सरळ व्याजाने वर्षाला ४ लाख ४० हजार, तीन वर्षांत १३ लाख २० हजार. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर थोडे कमी, पण अंदाज हाच. हप्ता सुरू होईल त्या दिवशी देणे ५३ लाख २० हजार आणि दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता ७३ हजारांच्या वर. एकूण फेड ८८ लाखांच्या घरात. तिकडे चांगली नोकरी लागली तर हा हप्ता काहीच नाही. नाही लागली आणि मुलगा परत आला, तर हैदराबादच्या सुरुवातीच्या पगारात हा हप्ता बसत नाही. मग तो बापाच्या पेन्शनमधून जातो. सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच असते.

आणि तिकडची नोकरी आता कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकातल्यासारखी राहिलेली नाही. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि खर्चासाठी दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ केली. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्यास मनाई केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. सभागृहातल्या मेळाव्याला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. फीच्या सवलतीवर, 'स्पॉट ॲडमिशन'वर, विमानतळावर घ्यायला येणाऱ्या गाडीवर पाऊण तास गेला. हप्त्याचा आकडा एकदाही निघाला नाही.

बँकेतल्या काउंटरवर आणखी एक प्रकार दिसतो. साधारण पगारदाराच्या खात्यात एका दिवसात पंचवीस लाख येतात, बॅलन्स सर्टिफिकेट मागितले जाते, आणि महिनाभराने रक्कम आली तशी निघून जाते. ब्रिटनच्या व्हिसाला पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, त्यासाठी ही उसनवार. पैसे फिरवणारा व्याज घेतो आणि त्याचा पत्ता सहसा कन्सल्टन्सीच देते. व्हिसाच्या अर्जावर मात्र सही मुलाची. पुढे चौकशी झाली तर 'आम्ही फक्त मार्गदर्शन केले' हे उत्तर तयार असते. कर्जाचेही तसेच. खाजगी वित्त कंपन्या विनातारण कर्ज देतात, व्याज चढे असते आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला त्यांच्याकडूनही कमिशन असते. विद्यापीठाकडून एक, कर्जवाल्याकडून दुसरे. मुलगा एकच.

परदेशी शिक्षणाला माझा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आपल्या हैदराबादच्या सरोजिनी नायडू १८९५ साली इंग्लंडला गेल्या त्या निजामाच्या शिष्यवृत्तीवर. पाठवणारा खिशातले घालून पाठवत असे. १९०७ साली इथे विवेकवर्धिनी उभी राहिली ती मराठी मुलांना मराठीत शिकता यावे म्हणून. मूल आणून देणाऱ्याला टक्का मिळेल म्हणून नव्हे. त्या पिढीचे फोटो आपण सभागृहात हार घालून लावले आहेत, आणि त्यांच्याच खाली उभे राहून आज कन्सल्टन्सीचा माणूस फॉर्म भरून घेतो.

कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांचे म्हणणे मला कळले आहे की, जाहिरात बंद झाली तर वार्तापत्राचा छपाईखर्च कोण देणार? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की पाने कमी करा, रंगीत मुखपृष्ठ सोडा, वर्गणी वाढवा. मी पहिला भरीन. दुसरे म्हणणे असे की कन्सल्टन्सी नसती तर आपली मुले गेलीच नसती. हे खोटे आहे. प्रवेशाचा अर्ज मुलगा स्वतः करू शकतो आणि पुष्कळ करतात. अमेरिकेच्या मान्यताप्राप्त संस्थांची, कॅनडाच्या पात्र संस्थांची आणि ब्रिटनच्या परवानाधारक संस्थांची यादी त्या त्या सरकारने जाहीर केलेली आहे, बघायला पैसे पडत नाहीत. अमेरिकी परराष्ट्र खात्याची एज्युकेशन यूएसए ही सल्लासेवा आहे. जर्मनीसाठी डाड ही तिकडची संस्था आहे, आणि तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्कच नाही. राहण्याखाण्याचा खर्च मात्र आधी खात्यात दाखवावा लागतो. जर्मनीचे नाव आपल्या मेळाव्यात का निघाले नाही, हे आता वेगळे सांगायला नको. शुल्कच नाही तिथे टक्का कशाचा काढणार?

मुलांचे स्वप्न मोडू नये असे आपल्या भगिनी म्हणतात. चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून व्हिसा मागावा आणि मिळाला की एकशे आठ घालाव्यात, यात काही वाईट नाही. बालाजी कमिशन घेत नाही. माझे म्हणणे एवढेच की देवाकडे जाण्याआधी कागद कोणीतरी निःस्वार्थी माणसाने वाचलेला असावा. अशी माणसे आपल्याकडे आहेत. उस्मानियातून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत, चार्टर्ड अकौंटंट आहेत, बँकवाले तर घरटी एक आहे, आणि तिकडे शिकून आलेली किंवा सध्या शिकत असलेली आपलीच मुले फोनवर अर्धा तास द्यायला तयार असतात. महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहा ते एक, सभागृह आहेच.

म्हणून माझा ठराव असा: परदेशी प्रवेशाच्या कमिशनवर चालणाऱ्या कोणत्याही कन्सल्टन्सीला मंडळाचे सभागृह, गणेशोत्सवाचा मांडव व वार्तापत्राची जाहिरात देऊ नये, सभासदांच्या मुलांची माहिती कोणत्याही बाहेरच्या संस्थेला देऊ नये व यापूर्वी दिली असल्यास कोणी दिली ते सभेत सांगावे, आणि मंडळाने स्वतःचा विनामूल्य शिक्षण सल्ला कक्ष सुरू करावा, ज्यात बसणाऱ्या प्रत्येकाने आपला कोणत्याही कन्सल्टन्सीशी, विद्यापीठाशी किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध नाही असे लिहून द्यावे. कक्षाच्या पहिल्या वर्षाच्या झेरॉक्स व स्टेशनरीचा खर्च मी देईन.

ठरावाला अनुमोदक हवेत. ज्या सभासदांना सही करायची आहे त्यांनी मंडळाच्या कार्यालयात सचिवांकडे ठेवलेल्या प्रतीवर सभेच्या आठ दिवस आधी करावी. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनीही सभेला अवश्य यावे, आणि येताना मागच्या तीन वर्षांत त्या जाहिरातींपोटी मंडळाला किती रुपये मिळाले, त्याच्या पावत्या घेऊन याव्यात.